तारीख पाळणारी पोटदुखी

समजा, १४ वर्षांची एक मुलगी आहे. गेले ५ महिने तिचं पोट मधूनच दुखायला लागतं. दोन-तीन दिवस ती पोटाशी पाय घेऊन पडून राहते, मग आपोआप बरी होते. पहिल्यांदा अपचन म्हणून सोडून दिलं. दुसऱ्यांदा जंतांचं औषध झालं. तिसऱ्यांदा लघवीचा संसर्ग असेल म्हणून गोळ्या झाल्या, चौथ्यांदा परीक्षेच्या ताणावर खापर फुटलं. पाचव्या वेळी लघवीच तुंबली आणि रात्री नळी घालून ती मोकळी करावी लागली. एवढ्या सगळ्यात त्या पाच दुखण्यांच्या तारखा कुणी शेजारी-शेजारी मांडल्या नव्हत्या. मांडल्या असत्या तर दर दोन दुखण्यांमध्ये साधारण ४ आठवड्यांचं अंतर दिसलं असतं. आणि मुलीला पाळी अजून आलेलीच नाही.

मुलगी काल्पनिक आहे, पण हा क्रम स्त्रीरोगतज्ज्ञांच्या चांगला ओळखीचा आहे. तरुण मुलींच्या न उलगडणाऱ्या पोटदुखीमागे काही वेळा गर्भाशय, योनी किंवा बीजांडकोष यांची एखादी दुर्मिळ अवस्था असते. ती सापडायला उशीर का होतो? माझ्या मते याचं मोठं कारण असं, की 'कुठे दुखतंय' हे दहादा विचारलं जातं आणि 'केव्हा दुखतं' हे एकदाही नीट विचारलं जात नाही.

पोटातल्या दुखण्याला पक्का पत्ता नसतो

बोटाला टाचणी टोचली तर डोळे मिटूनही नेमकी जागा सांगता येते. त्वचेखाली मज्जातंतूंचं जाळं दाट असतं आणि प्रत्येक भागाची खबर वेगळी पोहोचते. पोटातल्या अवयवांचं तसं नाही. तिथले तंतू विरळ असतात आणि आतडं, अपेंडिक्स, मूत्रवाहिनी, गर्भाशय, बीजांडकोष यांचे पुष्कळसे तंतू मणक्यातल्या त्याच त्या पायऱ्यांवर येऊन मिळतात. चार खोल्यांतून चार दोऱ्या निघाव्यात आणि सगळ्या एकाच घंटेला बांधलेल्या असाव्यात, तसं हे आहे. घंटा वाजली एवढं मेंदूला कळतं, कुठल्या खोलीतून ओढली हे तो अंदाजाने ठरवतो. त्यातून उजव्या बाजूला अपेंडिक्स आणि उजवा बीजांडकोष जवळजवळ शेजारी राहतात. तेव्हा बेंबीभोवती, कमरेत किंवा मांडीपर्यंत जाणारी कळ मुळात गर्भाशयाची असू शकते.

म्हणून जागेपेक्षा वेळ हा जास्त भरवशाचा साक्षीदार. आतड्याला महिन्याची तारीख ठाऊक नसते, गर्भाशयाला असते. (आतड्याच्या तक्रारीही पाळीच्या आसपास थोड्या वाढतात हे खरं, त्यामुळे केवळ तारखेवरून निकाल लावता येत नाही. शोध कुठून सुरू करायचा हे मात्र कळतं.)

दुर्मिळाआधी नेहमीचं

पुढची नावं वाचून घाबरून जाऊ नये म्हणून हे आधीच सांगते. तरुण मुलींची बहुतेक पोटदुखी साध्या कारणांची असते. बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, अपेंडिक्स, नेहमीची पाळीची कळ. वयात आलेल्या मुलीचं पोट अचानक दुखायला लागलं तर गर्भचाचणी पहिल्या तपासण्यांमध्ये असते. यात संशय घेण्याचा प्रश्न नसतो. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ जिवावर बेतू शकतो आणि तो वगळायला दोन मिनिटं पुरतात.

पाळीची साधी कळ कशी असते हेही माहीत हवं. गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटताना प्रोस्टाग्लॅंडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू पिळला जातो आणि कळा येतात. गंमत अशी, की पाळी नवीन सुरू झाल्यावर पहिले काही महिने बऱ्याच मुलींमध्ये बीज सुटतच नाही आणि अशी पाळी सहसा दुखत नाही. साधी कळ सुरू होते ती पहिल्या पाळीनंतर साधारण ६ ते १२ महिन्यांनी. याचा अर्थ, पहिल्याच पाळीपासून जोराची कळ असेल, एकाच बाजूला असेल किंवा दर महिन्याला चढत जात असेल, तर ती साधी मानण्याआधी थांबायला हवं.

एंडोमेट्रिओसिस, म्हणजे अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं, हे दुर्मिळ नाही. प्रजननवयातल्या सुमारे १०% स्त्रियांना ते असतं आणि किशोरवयातही ते सुरू होतं. त्यावर हल्ली बरंच लिहिलं जातं, म्हणून इथे त्याला बाजूला ठेवते. ज्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही त्यांच्याकडे वळते.

नळ चालू, मोरी बंद

सुरुवातीच्या मुलीचं काय झालं होतं? तिला पाळी येत होती, फक्त बाहेर पडत नव्हती. योनीच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो, त्याला योनिपटल म्हणतात. एरवी त्याला छिद्र असतं. क्वचित एखाद्या मुलीत ते जन्मतःच नसतं. बालपणी याचा काहीच त्रास नाही. पाळी सुरू झाली की रक्त आत साठायला लागतं. योनी लवचिक असल्याने ती फुगत जाते, महिन्यामागून महिने रक्त सामावून घेते. शेवटी पुढे मूत्राशय आणि मागे गुदाशय दाबलं जातं. म्हणून लघवी अडते, शौचाला त्रास होतो, कंबर दुखते, आणि सगळे मूत्रपिंड आणि आतड्यांच्या मागे लागतात.

हा आजार म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाहेरून नुसतं पाहिलं तरी अनेकदा निळसर, पुढे आलेला पडदा दिसतो. पण त्या भागाकडे बघण्याचा संकोच मुलीला असतो, आईला असतो आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही असतो. उपाय म्हणजे भूल देऊन केलेली एक छोटी शस्त्रक्रिया. पडदा कापून साठलेलं रक्त मोकळं करतात आणि कडा पुन्हा चिकटणार नाहीत असं बघतात. नुसती सुई घालून रक्त काढायचं नसतं, कारण छिद्र पुन्हा बुजतं आणि आत संसर्ग शिरायला वाट मिळते.

पडदा याहून वर, योनीच्या मध्यावर किंवा गर्भाशयमुखाजवळ असेल तर त्याला आडवा पडदा म्हणतात. तो कितीतरी दुर्मिळ, बाहेरून न दिसणारा आणि जाडीला कमी-जास्त. ही शस्त्रक्रिया अवघड असते, घाईत केली तर नंतर जागा आकसते. त्यामुळे इथे चांगले डॉक्टर आधी हार्मोन देऊन पाळीच थांबवतात आणि एमआरआय काढून नकाशा हातात आला की मग अनुभवी हातांकडे पाठवतात. नळ बंद करून मग सावकाश मोरीचं काम काढायचं, एवढाच हा हिशोब.

अडथळा बराच काळ राहिला तर रक्त उलटं फिरून गर्भनलिकांतून पोटात उतरतं आणि तिथे एंडोमेट्रिओसिसची शक्यता वाढते. नळी घालून लघवी मोकळी झाली, दुखणं थांबलं, म्हणून प्रकरण मिटलं असं मानणं महागात पडतं ते यामुळे.

'पण तिला तर पाळी नियमित येते!'

खरी मेख इथेच आहे. पाळी येते म्हणजे वाट मोकळी आहे, असं आपण धरून चालतो. ते नेहमीच खरं नसतं.

त्यासाठी थोडं मागे, गर्भावस्थेत जावं लागेल. मुलीचं गर्भाशय आईच्या पोटात एकसंध तयार होत नाही. सुरुवातीला डावी आणि उजवी अशा दोन नळ्या असतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. या नळ्या खालून जवळ येतात, एकमेकींना चिकटतात, मधली भिंत विरते आणि एक पोकळी तयार होते. तेच गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग. कुठल्याही टप्प्यावर हे काम अर्धवट राहू शकतं. दोन नळ्या जुळल्याच नाहीत तर दोन गर्भाशयं होतात. आणि त्यातल्या एका बाजूची योनी खालून बंद असली तर?

दोन खोल्यांचं घर घ्या. दोन्ही खोल्यांत दर महिन्याला पाणी येतं. एकीचा दरवाजा उघडा आहे, तिथून पाणी बाहेर जातं. दुसरीला दरवाजाच नाही. रस्त्यावरून बघणाऱ्याला पाणी वाहताना दिसतं, त्यामुळे शंका येत नाही. बंद खोली मात्र भरत जाते. या मुलींना पाळी वेळेवर येते आणि दर महिन्याला दुखणं वाढत जातं, तेही बहुधा एका बाजूला. पाळी सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं झाली तरी निदान झालेलं नसतं. कधी मधल्या भिंतीला बारीक भोक असतं, तेव्हा रक्त ठिबकत राहतं, पाळी संपतच नाही, वास येणारा स्राव होतो आणि संसर्गाची औषधं पुन्हा पुन्हा दिली जातात.

या अवस्थेला हर्लिन-वर्नर-वुंडरलिश सिंड्रोम म्हणतात. १९७१ आणि १९७६ मध्ये वर्णन करणाऱ्यांची ती नावं. डॉक्टर मंडळी आता 'ओहविरा' हे आखूड नाव वापरतात. दुहेरी गर्भाशय आणि बंद अर्धी योनी यांच्या जोडीला त्याच बाजूच्या मूत्रपिंडातला दोष, बहुतेकदा मूत्रपिंडच नसणं, हे त्यातलं तिसरं लक्षण. मूत्रपिंड आणि या नळ्या गर्भात शेजारी-शेजारी घडतात, एकीचं बिनसलं की दुसऱ्याचंही बिनसू शकतं. उजवी बाजू जास्त वेळा सापडते. उपाय म्हणजे मधली भिंत खालच्या मार्गाने काढणं. पोटावर चिरा नाही आणि दोन्ही गर्भाशयं जागेवर राहतात. वेळेवर उपचार झाले तर पुढे गर्भ राहण्याची शक्यता चांगली असते. मात्र दुहेरी गर्भाशयात मूल आडवं-पायाळू राहणं आणि वेळेआधी कळा येणं जास्त दिसतं, म्हणून गरोदरपणात लक्ष जास्त लागतं.

याचंच एक भावंड म्हणजे अर्ध्या गर्भाशयाला चिकटलेलं, वाट नसलेलं छोटं शिंग. गर्भाशयाची एक बाजू पूर्ण वाढते, दुसरी खुरटते. त्या खुरट्या भागात अस्तर असेल तर तिथेही महिन्याला रक्त सुटतं आणि अडकतं. ते शोधून काढण्याला दुखण्यापलीकडचंही कारण आहे. क्वचित गर्भ त्या शिंगातच रुजतो आणि वाढता वाढता ते फुटतं, तेव्हा पोटात भयंकर रक्तस्राव होतो. म्हणून असं शिंग सापडलं की ते काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो.

आणखी एक फसवा प्रकार आहे. गर्भाशय अगदी नेहमीसारखं, पण त्याच्या भिंतीत एका बाजूला अस्तर असलेली, कुठेही न उघडणारी छोटी पोकळी. ही सहसा तिशीच्या आतल्या मुलींमध्ये सापडते, पेनकिलरला दाद न देणारी कळ घेऊन. सोनोग्राफीत ती फायब्रॉइडसारखी, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूच्या साध्या गाठीसारखी दिसते आणि 'एवढ्याशा फायब्रॉइडने इतकं दुखत नाही' म्हणून मुलीवरच अविश्वास दाखवला जातो. तेवढी गाठ काढली की बहुतेकींचं दुखणं जातं.

आणि ज्यांना पाळी येतच नाही, कारण गर्भाशय पूर्ण घडलेलंच नाही, अशा मुलींपैकी काहींमध्ये गर्भाशयाचे अवशेष जागे असतात. 'गर्भाशय नाही, मग कळ कसली?' असं त्यांच्याबाबत म्हणून चालत नाही.

जिथे कॅलेंडर नाही, घड्याळ बघायचं

आतापर्यंतची दुखणी महिन्यांच्या हिशोबाने चालणारी. बीजांडकोषाला पीळ पडतो तेव्हा हिशोब तासांचा असतो.

बीजांडकोष दोन बंधांवर लोंबकळत असतो. त्यावर गाठ झाली, विशेषतः ५ सेंटिमीटरहून मोठी, की वजनाने तो फिरू शकतो. मुलींमध्ये हे बंध लांब असल्याने गाठ नसलेला, अगदी निरोगी बीजांडकोषही पीळ खातो. पीळ बसला की आधी पातळ भिंतींच्या शिरा दाबल्या जातात. रक्त आत येत राहतं, बाहेर जात नाही, बीजांडकोष सुजतो. मग आत येणारंही थांबतं. अचानक उठलेली एका बाजूची कळ आणि तिच्यासोबत मळमळ-उलटी, हे याचं नेहमीचं रूप. उलटीमुळे ते 'पित्त' होतं, उजव्या बाजूला असेल तर 'अपेंडिक्स'. उजवीकडे पीळ थोडा जास्त वेळा पडतो, कारण डावीकडे मोठ्या आतड्याने जागा अडवलेली असते.

पीळ कधी स्वतःच अर्धा सुटतो. कळ जाते, दोन आठवड्यांनी परत येते. अशा येत-जात राहणाऱ्या कळेला कुणी गंभीरपणे घेत नाही. पूर्वी काळानिळा झालेला बीजांडकोष मेला असं समजून काढून टाकत. आता माहीत आहे, की पीळ सोडवला तर असे बीजांडकोष बहुतेक वेळा सावरतात. म्हणून तरुण मुलींमध्ये दुर्बिणीने पीळ सोडवून बीजांडकोष ठेवण्यावर भर असतो. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करताना 'बीजांडकोष वाचवणार ना?' असं विचारायला हरकत नाही. उत्तर 'नाही' असेल तर कारणही विचारावं.

फक्त गर्भनलिकेला पीळ पडणं ही तर १५ लाख स्त्रियांमध्ये एकीला होणारी गोष्ट. तिचं निदान बहुतेकदा दुर्बीण आत गेल्यावरच होतं.

ओटीपोटाचं दुखणं बरगडीखाली

हे थोडक्यात. उजव्या बरगडीखाली दुखतंय, खोल श्वास घेतला की चमक येते, पित्ताशयाची सोनोग्राफी स्वच्छ आहे. तरुण स्त्रीमध्ये हे लैंगिक संबंधातून आलेल्या जंतुसंसर्गाचं, बहुधा क्लॅमिडियाचं, लक्षण असू शकतं. ओटीपोटातून संसर्ग वर सरकतो आणि यकृताच्या आवरणाला सूज येते. कर्टिस यांनी १९३० मध्ये आणि फिट्झ-ह्यू यांनी १९३४ मध्ये हे मांडलं. योग्य अँटिबायोटिकने ते बरं होतं, जोडीदारालाही उपचार घ्यावे लागतात. दर पाळीला उजवा खांदा दुखत असेल तर श्वासपटलावरचं, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्यावरचं, एंडोमेट्रिओसिस आठवावं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

'सोनोग्राफी तर नॉर्मल आली'

सोनोग्राफी हा टॉर्च आहे. जिथे मारू तिथलं दिसतं. 'पोटदुखी' एवढंच लिहून पाठवलं तर बघणारा पित्ताशय, मूत्रपिंड, अपेंडिक्स बघतो. 'पाळी येते, डाव्या बाजूला चढत जाणारी कळ, अडथळा आहे का बघा' असं लिहून पाठवलं तर तोच माणूस वेगळं काही बघतो. भरलेली योनी सोनोग्राफीत बीजांडकोषाची गाठ म्हणून लिहिली जाऊ शकते. पीळ पडलेल्या बीजांडकोषातही रक्तप्रवाह दिसू शकतो, कारण त्याला दोन बाजूंनी रक्त मिळतं. त्यामुळे डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, चांगला आला म्हणून पीळ नाही असं ठरत नाही. रचनेतल्या दोषांसाठी एमआरआय लागतो. त्यात किरणोत्सर्ग नाही, पण तो सरसकट सगळ्यांना करण्यासारखाही नाही. लक्षणं त्या दिशेला बोट दाखवत असतील तेव्हाच.

'पाळीत दुखतंच, आम्हीही सोसलं'

सोसलं म्हणजे ते बरोबर होतं असं नाही. आईने अंगावर काढलं म्हणून मुलीनेही काढावं, हा काही वैद्यकीय निकष नव्हे. निकष साधे आहेत. आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर डॉक्टरांना विचारून, पाळी सुरू होताच किंवा आदल्या दिवसापासून, योग्य प्रमाणात तीनेक महिने घेऊन बघायची. ती प्रोस्टाग्लॅंडिन तयार होणंच थांबवते, म्हणून कळ टिपेला गेल्यावर घेतली तर उपयोग कमी. एवढं करूनही शाळा-कॉलेज बुडत असेल तर पुढचा शोध घ्यायचा. वयाच्या १५ व्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, किंवा छातीची वाढ सुरू होऊन ३ वर्षं झाली तरी आली नाही, तर पोट दुखत नसलं तरीही दाखवायचं.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. पाळी नियमित करणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या या बंद खोलीच्या दुखण्यालाही तात्पुरता आराम देतात. गोळ्यांनी बरं वाटलं म्हणून निदान बरोबर होतं, असं होत नाही. गोळ्या थांबल्या की दुखणं परत येतं, आणि तेव्हा पाळीच्या साध्या कळेवर समाधान न मानता पुन्हा मुळापासून बघावं लागतं.

'आतून तपासणी करावी लागेल का?'

या भीतीने कित्येक जणी जातच नाहीत. लैंगिक संबंध न आलेल्या मुलीची आतून तपासणी सहसा करावी लागत नाही. बाहेरून पाहणं, भरलेल्या मूत्राशयावर पोटावरून सोनोग्राफी आणि गरज पडली तर एमआरआय, एवढ्यावर बहुतेक निदानं होतात. काय करणार हे आधी सांगा, असं मुलगी डॉक्टरांना म्हणू शकते, मध्येच थांबवूही शकते. आणि काही वेळ आई-वडिलांना बाहेर बसवून डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलले तर त्याचं वाईट वाटून घेऊ नये. काही प्रश्नांची खरी उत्तरं तेव्हाच मिळतात.

डॉक्टरांकडे जाताना फाइलच्या आधी एक कागद तयार ठेवावा. दुखणं कधी सुरू झालं आणि कधी थांबलं त्या तारखा, पाळीच्या तारखा, कुठल्या बाजूला, उलटी-लघवी-शौचाचं काय, कुठली गोळी किती वाजता घेतली आणि तिने काय झालं. दोन-तीन महिन्यांचा असा कागद डॉक्टरांचा बराच वेळ वाचवतो. पाळी न येणाऱ्या मुलीनेही दुखण्याच्या तारखा लिहाव्यात, तिच्या बाबतीत तर त्या जास्तच बोलक्या असतात. पण कळ अचानक आणि असह्य असेल, सोबत उलट्या, ताप किंवा चक्कर असेल, तर कागद-बिगद राहू द्यावा आणि लगेच निघावं.

आणि ज्या मुलीला जन्मापासून एकच मूत्रपिंड आहे, तिच्या आई-वडिलांनी हे वाक्य तिच्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. ती दोन वर्षांची असताना डॉक्टर म्हणालेले असतात, 'काळजी नको, एका मूत्रपिंडावर माणूस उत्तम जगतो.' ते बरोबरच असतं, म्हणून घरचे ते विसरून जातात. बारा वर्षांनी तिचं पोट दुखायला लागतं तेव्हा मूत्रपिंडाची गोष्ट कुणाच्या तोंडी येत नाही. छातीची वाढ सुरू झाली की, पाळी येण्याआधीच, अशा मुलीच्या गर्भाशयाची सोनोग्राफी एकदा करून घ्यावी.